खुंटीवरचा बिल्ला

एकोणीस मार्च. बारा रुपये पन्नास पैसे.

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयातल्या जुन्या लोकांना ही तारीख आणि ही रक्कम अजून पाठ आहे. नव्यांना ती कोणी सांगत नाही, कारण सांगायला लागले की अख्खी हकीकत सांगावी लागते. पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन. त्याआधी ही रक्कम ज्यांच्या नावावर आहे त्या गृहस्थांबद्दल लिहून ठेवतो.

ते आमचे व्हॉल्व्हमन. कोणत्या गल्लीला पाणी कधी सोडायचे आणि कधी बंद करायचे, हे त्यांचे काम. अंगात खाकी सदरा, खांद्यावर छातीइतक्या उंचीची लोखंडी चावी आणि आवाज असा की नुसते "आलं हो" म्हटले तरी गल्लीभर बादल्या वाजायच्या. हिशेब शाखेत आम्ही त्यांना 'खातेदार' म्हणत असू. चहावाला असो, न्हावी असो, सायकल दुरुस्त करणारा असो, काम झाले की हात वर करून ते म्हणत, "मांडून ठेवा." खिशात पैसे असले तरी. एक तारखेला मात्र दारोदार फिरून सगळ्यांची बाकी चुकती करत. चहावाल्याचे पैसे फेडून झाले की तिथेच बसून एक चहा पीत, तो अर्थातच पुढच्या महिन्याच्या खात्यावर.

"एवढी यातायात करण्यापेक्षा रोख द्या की," मी एकदा म्हणालो. मी तेव्हा नोकरीत नवा होतो.

"रोख देणाऱ्याची वाट कोण बघतं, हिशेबनीस? माझी निदान दहा-पंधरा माणसं वाट बघतात. आजारी पडलो तर विचारायला तरी येतील."

गावाला पाणी येते ते टेकडीवरच्या तलावातून. ही टेकडी आमची नव्हती आणि शेजारच्या देशाचीही नव्हती. कधीकाळच्या लढाईनंतर झालेल्या करारात ती दोघांच्या मध्ये तशीच सोडून दिली होती आणि तलावाची देखभाल निम्मी-निम्मी वाटून घेतली होती. इतकी निम्मी, की तलावावरच्या चौकीदाराचा अर्धा पगार आम्ही देत असू आणि अर्धा ते. हा चौकीदार म्हणजे खातेदारांचा सख्खा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. त्याच्या अर्ध्या पगाराचे बिल मी काढत असे.

"तुमचा मेहुणा आमच्याकडे अर्धाच आहे," मी चिडवायचो.

"अर्धाच पुरे. अख्खा झेपला नसता."

दोघांचे बोलणे बंद होते. खातेदारांच्या सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचे शिवणाचे मशीन मुलीकडे आले. ते सुनेकडे राहायला हवे होते, असे मेहुण्याचे म्हणणे. त्या दिवसापासून दोघे कामासाठी भेटायचे, एकाच तलावावर खपायचे आणि एकमेकांकडे न बघता घरी जायचे. त्यांच्यातले सगळे बोलणे बिल्ल्यावर व्हायचे.

बिल्ल्याची रीत अशी. तलावाच्या दारापासून एक बोगदा निघतो आणि टेकडीच्या पोटातून उतरत गावाकडे येतो. माणूस वाकून चालू शकेल एवढा. आमच्या बाजूला त्यातून बाहेर पडायला एक तोंड आहे, त्याला झाकण. वर्षातून एकदा, मार्चमध्ये, वरचे दार बंद ठेवून खातेदार आत शिरत आणि जाळ्या साफ करत. आत माणूस असताना कोणी दार उचलले तर त्याचे काय होईल हे सांगायला नको. म्हणून दाराजवळच्या खोलीत एक खुंटी होती आणि खुंटीला पितळी बिल्ला. आत जाणाऱ्याने तो गळ्यात घालून जायचे, बाहेर आल्यावर परत टांगायचा. खुंटी रिकामी असेल तोवर दाराला हात लावायचा नाही, सांगणारा कितीही मोठा असो. हा नियम कोणत्याही पुस्तकात नव्हता. आधीच्या माणसांनी या दोघांना तो शिकवला होता.

त्या वर्षी सफाईचा पहिला दिवस संपला तेव्हा खातेदारांचा गुडघा धरला. जाळ्या निम्म्याच झाल्या होत्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचेच होते. बिल्ला टांगायला परत वर चढायचे त्यांच्या जिवावर आले. ते खालच्या तोंडाने बाहेर पडले आणि लंगडत घरी गेले. बिल्ला गळ्यातच राहिला.

त्याच संध्याकाळी शेजारच्या देशाच्या संसदेने ठराव केला की टेकडी आजपासून त्यांची.

ठरावाआधीच ट्रक निघाले असावेत. सकाळी खातेदार ब्रश आणि बादली घेऊन गेले तेव्हा रस्त्यावर नवा नाका उभा होता, बोगद्याच्या खालच्या तोंडावर लोखंडी पत्रा ठोकलेला होता आणि पत्र्यापुढे शिपाई. त्यांना बंदूक रोखून परत पाठवले. गळ्यातल्या बिल्ल्याची आठवण त्यांना झाली नाही. ज्याच्या हातात बंदूक आहे तो खुंटीकडे कशाला बघेल, असेच कोणालाही वाटले असते.

पुढचे वर्तमानपत्रातून सगळ्यांनी वाचलेले आहे. आमच्या सरकारने राजदूत परत बोलावला, त्यांनी त्यांचा. टेलिफोनच्या तारा तोडल्या, गाड्या सीमेवर थांबल्या. इकडे टाक्यांमधली पातळी उतरत चालली आणि टेकडीवरून पाणी येईना, तेव्हा आमच्या मंत्र्यांनी जाहीर केले की शत्रूने पाण्याचे हत्यार केले आहे. ते सगळ्यांना पटले, मलाही. दोन मोठे देश, ज्यांना आमचे गाव नकाशावर शोधूनही सापडले नसते, एकमेकांना इशारे देऊ लागले. आंतरराष्ट्रीय परिषदेची तातडीची बैठक बोलावली गेली. गावात इस्पितळापुरते पाणी राखून बाकी नळ आम्ही बंद केले. ती चावी खातेदारांनीच फिरवली. बायका काय काय बोलल्या ते मी लिहीत नाही.

चहावाल्याकडे चहा नव्हता, पण रेडिओ होता, म्हणून माणसे तिथेच जमायची. तिकडचे केंद्रही त्यावर लागायचे. दुपारी बातमी आली: टेकडीवरच्या चौकीदाराने तलावाचे दार उचलण्याचा दांडा लपवून ठेवला आहे, घातपाताच्या आरोपाखाली त्याला लष्करी न्यायालयापुढे उभे करण्यात येईल.

"घ्या!" न्हावी ओरडला. "खातेदार, तुमचा मेहुणा देशभक्त निघाला की!"

"अर्ध्या पगारात अर्धाच निघेल," चहावाला म्हणाला, आणि माणसे बऱ्याच दिवसांनी हसली.

खातेदार हसले नाहीत. त्यांचा हात सदऱ्याच्या आत गेला आणि तिथेच राहिला.

ते सरळ माझ्या टेबलाशी आले. बिल्ला गळ्यातून काढून माझ्या कागदांवर ठेवला.

"हिशेबनीस, मी आत आहे."

"काय बोलताय?"

"त्याच्या लेखी मी अजून बोगद्यात आहे. खुंटी रिकामी. खालच्या तोंडाला पत्रा. मी आत अडकलोय असं वाटतंय त्याला. म्हणून दांडा लपवलाय."

मला ते समजायला एक क्षण लागला. "शिपायांनी आत बघितलं असेल की."

"बघितलं असेल पहिल्या वळणापर्यंत. तो म्हणाला असेल, बिल्ला दाखवा. मीही तेच म्हणालो असतो."

"पण तुमचं तर बोलणंसुद्धा नाही."

"बोलत नाही म्हणून बुडवील का मला?"

आम्ही मुख्य अभियंत्यांच्या खोलीत गेलो. तिथे राजधानीहून आलेल्या परराष्ट्र खात्याच्या बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक चष्म्याच्या, डोळ्यांखाली काळे झालेल्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले, बिल्ला उलटसुलट करून बघितला आणि विचारले, "हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"आम्हा दोघांना. आणि तिकडं खुंटीला."

बाई हसल्या नाहीत. "उद्या परिषदेत आपले प्रतिनिधी बोलणार आहेत. पाणी तोडलं, या एका मुद्द्यावर निम्मे देश आपल्या बाजूला आलेत. आता मी त्यांना काय कळवू? पाणी आपल्याच माणसाच्या गळ्यात लटकत होतं?"

"निरोप तरी पाठवा वर, की मी घरी आहे."

"कोणाबरोबर? दूतावास बंद. तिसऱ्या देशाकडून पाठवला तर तो आधी आपली सोय बघेल, मग निरोप पोचवेल. आणि पोचला तरी तुमचा मेहुणा विश्वास ठेवेल?"

"नाही ठेवणार," खातेदार म्हणाले. "बिल्ला बघितल्याशिवाय नाही. मग मीच जातो."

"नाक्यावर परवाना लागतो. बारा रुपये पन्नास पैसे शुल्क. तुमच्याच नोटा चालतील, अशी पाटीसुद्धा लावली आहे त्यांनी." बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आपल्या सरकारी नोकरानं ते भरले की टेकडी त्यांची हे आपण मान्य केलं. कॅमेरे लावून बसलेत ते. त्यांना एक पावती फाडायची आहे, एकच."

"बारा रुपयांत टेकडी?"

"टेकड्या अशाच जातात. आणि आज टेकडी गेली तर उद्या नदी."

"आणि माणूस?" खातेदारांचा आवाज एकदम चढला. "बाई, मेहुणा आहे हो माझा. भांडण आहे, ते आमच्या घरातलं आहे. माझ्या गुडघ्यापायी त्याला गोळी घालतील आणि तुम्ही परिषदेत भाषण कराल?"

मुख्य अभियंते खिडकीबाहेर बघू लागले. बाईंनी बिल्ला उचलून खातेदारांच्या हातात दिला.

"पैसे भरायचे नाहीत. परवाना हातात घ्यायचा नाही. एवढं माझं सांगणं. बाकी, रजेवरचा माणूस कुठं फिरायला जातो ते आमच्या खात्यात येत नाही."

मी तिथल्या तिथे रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी 'घरगुती काम' असे घातले. ते खरेही होते.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांची बायको त्याच मशीनवर काहीतरी शिवत होती. आम्ही सांगत होतो तोवर मशीन चालू होते. सांगून संपल्यावर थांबले.

"दादा तिकडं मार खातोय," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि तुम्ही बिल्ला गळ्यात घालून घरभर फिरताय. मला वाटलं, नवीन ताईत केलाय."

"गुडघा..."

"गुडघ्याचं नाव काढू नका. त्याला घेऊन या. हे मशीन मी स्वतः डोक्यावर घेऊन वहिनीकडं पोचवीन."

"त्याला सांगू का हे?"

"मुळीच नाही. फुगेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी, एकोणीस मार्चला, खातेदार धुतलेला सदरा घालून नाक्यावर निघाले. आमच्या शिपायांनी मला शेवटच्या वाळूच्या पोत्यांपाशी थांबवले. तिथून पलीकडचे टेबल रस्ता ओलांडण्याइतक्या अंतरावर होते. बोलणे स्वच्छ ऐकू येत होते. टेबलामागे त्यांचा महसूल कारकून नव्या कडक टोपीत, शेजारी पावतीबुक. मागे बंदुका, बाजूला कॅमेरे. आमच्या बाजूलाही बंदुका होत्याच. मधल्या रस्त्यावर एकटे खातेदार, लंगडत.

"कुठं जायचं?"

"तलावावर. मेहुणा आहे तिथं."

"बारा रुपये पन्नास पैसे."

खातेदारांनी हात वर केला. कॅमेऱ्यांची खटखट सुरू झाली. त्यांना वाटले, पैसे काढत आहेत.

"मांडून ठेवा," ते म्हणाले.

कारकुनाने मान वर केली. "काय?"

"मांडून ठेवा. माझ्या नावावर."

"हे काय वाण्याचं दुकान आहे?"

"नाही ना. वाणी असता तर एव्हाना मांडलं असतं."

मागचा अधिकारी पुढे आला. "परत फिर."

खातेदार हलले नाहीत. अधिकाऱ्याने काहीतरी म्हटले आणि एका शिपायाने बंदूक खांद्याला लावली. माझ्या कानाजवळ आमच्या शिपायांनीही बंदुका सज्ज केल्याचे खटके वाजले. मी पोत्याला हात टेकवला होता. वाळू ओली नव्हती, माझाच हात ओला होता. कोणी शिंकले असते तरी दोन देशांचे युद्ध सुरू झाले असते, असे मी आजही म्हणतो, आणि मला वाढवून सांगायची सवय नाही.

"माझ्या हातात काही नाही," खातेदार मोठ्याने म्हणाले. दोन्ही हात वर. एका मुठीत बिल्ला लटकत होता. "हा खुंटीला टांगायचा आणि परत यायचं. मग दार उघडेल. पैसे मी बुडवणारा नाही. गावात विचारा."

"गावात कसं विचारू?" कारकून वैतागून म्हणाला. "फोन तोडलेत."

"ते आम्ही नाही तोडले."

"आम्हीही नाही. वरून तोडले."

कोणीतरी हसले. कोणत्या बाजूचे ते कळले नाही. अधिकाऱ्याने बंदूक खाली घ्यायला लावली नाही, पण तो कारकुनाकडे वळला. कारकून म्हणाला, उधारी देऊ नये असा हुकूम आपल्याकडे आलेला नाही. द्यावी असाही नाही. त्याने नाक्यावरचा लष्करी फोन फिरवला. तो फोन एका साहेबाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे वर वर जात राहिला. खातेदारांचा पाय थरथरू लागला तेव्हा ते खुशाल रस्त्यात बसले.

"तुमच्याकडं तरी पाणी आहे का?" त्यांनी खालूनच विचारले.

कारकुनाने फोनवर हात ठेवला. "कुठलं? आमच्या छावणीलाही त्याच बोगद्यातून येतं. दाढी केली नाही आठवडाभर."

ऊन वर आले. शेवटी फोनमधून काहीतरी उत्तर आले. कारकुनाने दोनदा "होय साहेब" म्हटले, एक कोरा कागद पुढे ओढला आणि विचारले, "नाव?"

त्यांनी नाव सांगितले. कारकुनाने ते लिहिले, पुढे रक्कम लिहिली, पुढे 'बाकी'.

"बाकी असताना पावती मिळत नाही. परवानाही नाही."

"नकोच आहे मला," खातेदार गुडघ्यावर हात दाबून उठत म्हणाले.

वर काय झाले ते त्यांनीच मला नंतर सांगितले. दोन शिपायांनी मेहुण्याला कोठडीतून आणले. ओठ सुजलेला, सदरा फाटलेला. त्याने आधी खुंटीवरचा बिल्ला बघितला आणि मग खातेदारांना शोधले.

"बाहेर होतात?"

"गुडघा धरला होता. खालून निघालो."

"गुडघा! मी इथं लाथा खातोय आणि तुम्ही घरी गुडघा शेकताय?"

"हे मेहुणा म्हणून बोलतोयस की चौकीदार म्हणून?"

"चौकीदार म्हणून. भाऊजींशी मी बोलत नाही."

मग तो तलावाच्या पायऱ्यांपर्यंत गेला, पाण्याखालच्या कडीला बांधलेली तार ओढली आणि दांडा वर काढला. दार उचलण्यापूर्वी त्याने पुन्हा एकदा खुंटीकडे बघितले. खातेदार म्हणाले, "अरे, मी इथं उभा आहे की." तरी त्याने बघितले.

दुपारी गावात नळ बोलू लागले. आधी हवा, मग लाल पाणी, मग स्वच्छ. मेहुणा संध्याकाळी खातेदारांबरोबर खाली आला. शेजारच्या देशाने आपल्या अर्ध्या नोकरीतून त्याला बडतर्फ केले. आमच्या सरकारच्या मते टेकडी त्यांची नव्हतीच, त्यामुळे तो आमच्या अर्ध्या नोकरीत कायम राहिला, जिथे जाता येत नाही अशा जागी. तो निवृत्त होईपर्यंत त्याचे अर्धे बिल मी काढत होतो.

परिषदेत आमच्या प्रतिनिधींनी पाण्याचा परिच्छेद गाळून भाषण केले. त्यांच्या सरकारने जाहीर केले की नाक्यावर शुल्काची रीतसर आकारणी झाली आहे. आमच्या सरकारने जाहीर केले की एक पैसाही भरलेला नाही. दोन्ही खरे होते. राजदूत परतायला वर्ष गेले. टेकडी आजही त्यांच्या ताब्यात आहे आणि आमच्या नकाशात ठिपक्यांच्या रेषेने दाखवतात. पुढे सफाई कामगारांना शुल्क नाही असे दोन्ही देशांत ठरले. मशीन वहिनीकडे पोचले. ते चालत नाही म्हणून तिने ते महिन्याभरात परत पाठवले, आणि ते पोचवायला मेहुणा स्वतः आला होता.

एक एप्रिलला खातेदार सुटे पैसे मोजून घेऊन नाक्याकडे निघाले. आमच्या शिपायांनी त्यांना अडवले. मागाहून परराष्ट्र खात्याचे पत्र आले की सदर रक्कम कोणत्याही परिस्थितीत भरू नये. पलीकडच्या कारकुनाने टेबलामागून ओरडून सांगितले होते, "राहू दे हो, राहू दे, ती बाकी मिटली तर मलाच विचारतील." त्या गोष्टीचा खातेदारांना शेवटपर्यंत त्रास होत असे. प्रत्येक एक तारखेला सगळी देणी फेडून झाल्यावर चहाच्या टपरीवर बसून ते टेकडीकडे बघायचे.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. चहावाल्याचा मुलगा, न्हाव्याचा मुलगा, सायकलवाला, सगळे आले होते. त्यांच्यापैकी कोणाचेही काही येणे निघाले नाही. टेकडीच्या नाक्यावर त्यांच्या नावे बारा रुपये पन्नास पैसे बाकी आहेत.